तिचे म्हणणे कोणी ऐकावयाचे?
दिव्यांग स्त्रियांवरील अत्याचार आणि तालुका पातळीवरील आपली जबाबदारी

(बुलडाणा जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बुलडाण्यात उभे राहून स्त्रियांवरील अन्यायाविषयी बोलावयाचे, तर आरंभी ताराबाई शिंदे यांचे स्मरण करणे क्रमप्राप्त आहे. याच गावच्या या बाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून होते. म्हणजे एका अर्थाने आपल्याच बिरादरीतले. सुरतेच्या एका विधवेला बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर ताशेरे ओढले, तेव्हा ताराबाईंनी लेखणी उचलली. जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे हा निबंध विस्मृतीत गेला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा वाचकांसमोर आणला. सर्व दोष बाईच्याच पदरात का, हा त्यांचा प्रश्न होता.

ताराबाईंना लिहिता येत होते, हे मात्र विसरून चालणार नाही. आज मी ज्या स्त्रीविषयी बोलणार आहे, तिला पुष्कळदा लिहिता येत नाही, बोलता येत नाही, दिसत नाही, किंवा आपल्यावर काय गुदरले हे आपल्या शब्दांत मांडता येत नाही. आणि ज्यांना हे सारे येते, त्यांच्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांत स्त्रिया बारा लाखांहून अधिक. ही मोजणी आठ प्रकारच्या अपंगत्वाची होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकार मान्य केले आहेत, तेव्हा प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असणार, हे उघड आहे.

आपल्या जिल्ह्यातील खरिपाचा एखादा दिवस डोळ्यांसमोर आणा. सोयाबीन काढणीला आले आहे, कपाशीची वेचणी तोंडावर आहे. घरातील धडधाकट माणसे पहाटेच शेताकडे गेली आहेत. घरी कोण राहते? म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि जिला काम जमत नाही असे सर्वांनी ठरवून टाकले आहे, ती मुलगी. दिवसभर ती एकटी आहे हे साऱ्या आळीला ठाऊक असते. ती ओरडू शकत नाही, किंवा ओरडली तरी ‘ती तशीच ओरडते’ म्हणून कोणी फिरकत नाही, हेही ठाऊक असते. अत्याचार करणारा बहुधा अनोळखी नसतो. घरात येण्याजाण्याची मुभा असलेलाच तो असतो. कधी नात्यातला, कधी शेजारचा, कधी तिला दवाखान्यात ने-आण करणारा.

अत्याचार म्हणजे केवळ लैंगिक अत्याचार, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. कुबडी हाताला लागणार नाही अशी ठेवणे, चाकाची खुर्ची ओसरीवर कुलपात ठेवणे, वारंवार शौचास न्यावे लागू नये म्हणून पाणीच कमी देणे, पाहुणे आले की आतल्या खोलीत कोंडणे, ही सारी हिंसाच आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे तिच्या नावावर येतात. पासबुक भावाकडे आणि एटीएम कार्ड भाच्याकडे असते. ती विचारू लागली की मार बसतो. २०१६ च्या अधिनियमाचे कलम ९२ या दृष्टीने मुळातून वाचण्याजोगे आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे, जिची देखभाल आपल्याकडे आहे तिला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणे, तिच्या अवयवाला किंवा साहाय्यक साधनाला इजा पोहोचविणे वा त्याच्या वापरात अडथळा आणणे, विनयभंगाच्या हेतूने हल्ला करणे, तिच्यावरील वर्चस्वाचा फायदा घेऊन लैंगिक शोषण करणे, या सर्वांस सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. कुबडी लपविणे हा घरगुती कुरबुरीचा विषय राहिलेला नाही, हे ग्रामसभेत एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगितले जावे, असे मला वाटते.

घरातील माणसांविषयी बोलताना एक गोष्ट नमूद केली पाहिजे. वीस-वीस वर्षे मुलीचे सारे करणारी आई थकते, चिडते, एखादे वेळी हातही उगारते. तिला गुन्हेगारांच्या रांगेत बसवून आपण फार काही साधणार नाही. तिला चार तासांची उसंत मिळाली, अंगणवाडीत किंवा शाळेत मुलीला कोणी पाहणारे असले, तर पुष्कळ गोष्टी टळतील. परंतु थकलेली आई आणि संधी साधणारा माणूस यांत फरक करण्याचे तारतम्य आपल्याजवळ असले पाहिजे.

संस्थांच्या भिंतींआड

घर असुरक्षित असेल तर तिला संस्थेत ठेवावे, हा सोपा उपाय आपल्या तोंडी लगेच येतो. महाराष्ट्राचा अनुभव मात्र सावध करणारा आहे.

फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. मासिक पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण देण्यात आले होते. स्त्री-संघटना व आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांनी प्रखर विरोध केला आणि पुढील शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या. त्या वेळच्या वादात सद्हेतूचा पुष्कळ उल्लेख झाला. हेतू काहीही असो, त्या मुलींची संमती कोणी विचारली नव्हती. आणि आणखी एक गोष्ट आपण मनाशी पक्की करावी. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. तो उघडकीस येण्याचा एक मार्ग तेवढा बंद होतो. एखादे आईबाप गावातील कार्यकर्त्याला ‘हिचे ऑपरेशनच करून टाकू का?’ असे विचारतात, तेव्हा त्या प्रश्नामागची भीती ओळखावी. मुलीला धोका कोणापासून वाटतो, हे त्यांना विचारावे.

पुढे २००९ मध्ये चंडीगढच्या शासकीय निवासगृहातील एका बौद्धिक दिव्यांग स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या संमतीविना गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय दिला. ही स्त्री गरोदर राहिली होती ती संस्थेत असतानाच, ही बाब चर्चेत मागे पडते.

पनवेलनजीकच्या एका खाजगी बालगृहातील ऐकू-बोलू न शकणाऱ्या व मतिमंद मुलींवरील अत्याचार २०११ साली उघड झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने राज्यातील अशा गृहांची जी पाहणी झाली, तिच्यातून हा प्रकार पुढे आला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधितांना दोषी ठरविले.

आपल्या जिल्ह्याकडे वळायचे, तर खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेचे प्रकरण नोव्हेंबर २०१६ चे. तेथील मुली दिव्यांग नव्हत्या. आदिवासी कुटुंबांतील, घरापासून दूर राहणाऱ्या अशा होत्या. तरीही मी त्याचा उल्लेख करतो, कारण ते प्रकरण बाहेर कसे आले हे महत्त्वाचे आहे. मुली दिवाळीच्या सुटीत शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील आपल्या गावी गेल्या आणि घरच्या माणसांना त्यांनी सांगितले, तेव्हा ते बाहेर आले. शाळेत असेपर्यंत सांगण्याजोगे माणूस त्यांना मिळाले नाही. आता विचार करा, ज्या मुलीला दिवाळीच्या सुटीत न्यावयासच कोणी येत नाही, किंवा जी घरी जाऊनही शब्दांत सांगू शकत नाही, तिचे काय?

पनवेल काय किंवा पाळा काय, बाहेरचा एखादा कान मिळाला तेव्हाच गोष्ट प्रकाशात आली. शाळेतील, संस्थेतील तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की हजेरीपट, धान्याचा साठा आणि खाटांची संख्या पाहून झाल्यावर अर्धा तास मुलींजवळ, कर्मचाऱ्यांना बाहेर पाठवून, बसावे. बोलता न येणाऱ्या मुली असतील तर खुणांची भाषा जाणणारी स्त्री बरोबर न्यावी. तीही त्या संस्थेच्या नोकरीतली नसावी.

न्यायालयाची दृष्टी

विदर्भातील मथुरा प्रकरण आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. १९७२ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडलेली ती घटना. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींची मुक्तता केली. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, यांस त्या निकालात महत्त्व होते. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी जाहीर पत्र लिहिले, देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केले की केवळ प्रतिकार केला नाही, म्हणून संमती होती असे मानता येणार नाही. जी स्त्री पलंगावरून स्वतः उठू शकत नाही, तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा शोधणाऱ्या डॉक्टरांना आणि पोलिसांना हे वाक्य भिंतीवर लावून दिले पाहिजे.

परंतु दिव्यांग स्त्रीच्या बाबतीत खरी मोलाची दिशा दिली ती २७ एप्रिल २०२१ च्या निकालाने. आंध्र प्रदेशातील एका खेड्यातील जन्मांध तरुणीवर २०११ मध्ये तिच्या घरातच बलात्कार झाला. आरोपी तिच्या भावांच्या ओळखीचा, घरी येणारा-जाणारा. तिने त्याला ओळखले ते आवाजावरून. डोळ्यांनी पाहिले नाही म्हणून तिची साक्ष कच्ची, हा युक्तिवाद न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती एम. आर. शहा यांच्या पीठाने अमान्य केला. दिव्यांग साक्षीदाराची साक्ष ती दिव्यांग आहे एवढ्याच कारणाने दुय्यम ठरत नाही, जगाशी तिचा व्यवहार निराळ्या मार्गाने चालतो, हे न्यायालयाने मान्य केले आणि जन्मठेप कायम केली. न्यायाधीश, वकील व पोलीस यांचे प्रशिक्षण व्हावे आणि गुन्ह्यांच्या राष्ट्रीय नोंदींत पीडितेच्या दिव्यांगत्वाची स्वतंत्र आकडेवारी ठेवण्याचा विचार व्हावा, असेही त्यात सुचविले आहे. अंध मनुष्य पावलांच्या आवाजावरून, विडीच्या वासावरून, खाकरण्यावरून माणूस ओळखतो. खेड्यातील माणसांना हे सांगावे लागत नाही. फक्त न्यायनिवाड्याच्या वेळी आपण ते विसरतो.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले असून हे संरक्षण त्यांत कायम आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ प्रमाणे शारीरिक वा मानसिक दिव्यांगत्व असलेल्या स्त्रीवरील बलात्कारास किमान दहा वर्षे सक्तमजुरी व कमाल उर्वरित आयुष्यभर कारावास आहे. फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, स्त्री अधिकाऱ्याने, दुभाषी अथवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवावयाची असून तिचे चित्रमुद्रण करावयाचे असते. न्यायदंडाधिकाऱ्यासमोरील तिचा जबाब चित्रमुद्रित झाला, की खटल्याच्या वेळी तो सरतपासणीच्या जागी धरला जातो. तीच कहाणी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही. हद्द आपली नाही म्हणून कोणत्याही ठाण्याला फिर्याद नाकारता येत नाही.

येथे व्यवहारातली एक अडचण सांगतो. आपल्या खेड्यांतील अनेक कर्णबधिर मुली शाळेत गेलेल्याच नाहीत. त्यांना शास्त्रशुद्ध खुणांची भाषा अवगत नसते. घरात घडलेल्या खुणा असतात आणि त्या आईलाच कळतात. मग बुलडाण्याहून आलेला दुभाषी आणि ती मुलगी यांची भेट होऊनही बोलणे होत नाही. अशा वेळी विशेष शिक्षक, चित्रे, बाहुल्या यांचे साह्य घ्यावे लागते आणि घाई करून चालत नाही. आईचे साह्य घ्यावे. पण आरोप घरातल्याच माणसावर असेल तर आईवर केवढा ताण येतो, हेही ध्यानी असावे. यावरचा खरा उपाय फार आधी करावयाचा आहे. मुलगी सहा वर्षांची असताना तिला शाळेत आणणे आणि शरीराच्या अवयवांच्या, ‘नको’ म्हणण्याच्या, माणसांच्या नावांच्या खुणा तिला शिकविणे, हे शिक्षकांचे काम न्यायालयातील साक्षीचा पाया ठरते.

तहसीलदारांचे दार

आता ज्या मुद्द्यासाठी मी आपला इतका वेळ घेतला, त्याकडे येतो. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात हिंसेविषयी तरतूद नव्हती. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक करारास मान्यता दिली आणि त्यास अनुसरून २०१६ च्या अधिनियमात कलम ७ आले. त्यानुसार दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार झाला आहे, होत आहे किंवा होण्याचा संभव आहे, असे वाटण्यास ज्याला कारण आहे अशी कोणतीही व्यक्ती त्या हद्दीतील कार्यकारी दंडाधिकाऱ्यास माहिती देऊ शकते. नातेवाईकच असावा, ही अट नाही. माहिती देणाऱ्याने पुरावा जोडावा, असेही कलमात म्हटलेले नाही. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे आपल्या परिचयाचे तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी. त्यांनी तत्काळ उपाय योजावयाचे आहेत: तिची सुटका, तिची इच्छा असल्यास संरक्षणात्मक निवारा, निर्वाहाचा आदेश. ‘तिची इच्छा असल्यास’ हे शब्द कायद्यातले आहेत. तिला उचलून संस्थेत टाकावे, असा याचा अर्थ नव्हे.

जिल्ह्यात तेरा तहसील कचेऱ्या आहेत. निराधार अनुदानासाठी त्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या दिव्यांग स्त्रिया आणि त्यांचे नातलग आपण रोज पाहतो. त्याच कचेरीत कलम ७ चा अधिकार आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. संगायोच्या खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाने ‘पासबुक कोणाकडे असते?’ एवढे जरी विचारले, तरी पुष्कळ कळेल.

कलम ७ मुळे पोलिसांचे कर्तव्य संपत नाही. दखलपात्र गुन्हा घडला असेल तर पोलिसांनी तो नोंदविलाच पाहिजे. शिवाय संरक्षणासाठी अर्ज करण्याचा हक्क, संबंधित दंडाधिकाऱ्याचा पत्ता व मोफत विधी साह्याची माहिती तिला दिली पाहिजे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया व दिव्यांग व्यक्ती उत्पन्नाची अट न लावता मोफत वकिलास पात्र आहेत. २०१३ पासूनच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाह्य मिळू शकते. रुग्णालयाने, मग ते खाजगी का असेना, पीडितेवर विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे. घरातील भाऊ किंवा दीर मारहाण करीत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडेही जाता येते. तो कायदा केवळ सुनांसाठी आहे, ही समजूत चुकीची आहे.

शिक्षकांसाठी एक भेद स्पष्ट करतो. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे माहिती कळविणे ऐच्छिक नाही; न कळविणे हा गुन्हा आहे. वय अठरापेक्षा अधिक पण समज लहान मुलीएवढी, अशा स्त्रीला पोक्सो लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले आहे. त्यामुळे तिच्या बाबतीत मघाशी सांगितलेले न्याय संहितेचे कलम आणि कलम ७ यांचाच आधार. म्हणून वयाचा दाखला प्रथम पाहावा.

पंचायत सदस्यांशी थोडे स्पष्ट बोलतो. गावाची अब्रू जाऊ नये म्हणून प्रकरण बैठकीत मिटविण्याची जुनी सवय आहे. कधी काही रक्कम ठरते, कधी त्याच माणसाशी तिचे लग्न लावून देण्याची भाषा होते आणि हिच्याशी नाहीतरी कोण लग्न करणार होते, असे समर्थनही होते. बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोड करण्याचा अधिकार सरपंचाला नाही, तंटामुक्ती समितीला नाही आणि आईबापांनाही नाही. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्यासाठी गावातील दिव्यांगांची यादी ग्रामपंचायतीकडे असते. त्या यादीतील किती स्त्रिया गेल्या सहा महिन्यांत घराबाहेर दिसल्या, हे आशा कार्यकर्ती बसल्या जागी सांगू शकेल. जी दिसलेली नाही, तिच्या घरी जावे.

माझ्या खात्याच्या कामासंबंधी दोन शब्द. पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. नाव गाळले म्हणजे झाले, असे आपले पत्रकार मित्र समजतात. पण पंधराशे वस्तीच्या गावात कर्णबधिर तरुणी एखादीच असते. ‘अमुक गावातील मूकबधिर युवती’ असे छापणे म्हणजे तिचे नाव छापणेच होय. अशा बातमीत गाव द्यावयाचे असेल तर अपंगत्वाचा प्रकार देऊ नये आणि अपंगत्वाचा उल्लेख अपरिहार्य असेल तर तालुक्यावरच थांबावे. पोलीस ठाण्यांतून वृत्तपत्रांना जाणाऱ्या दैनिक माहितीलाही हे लागू आहे.

प्रत्यक्ष माहिती कळविताना काय करावे, असे आपल्यापैकी काहींनी भाषणापूर्वी मला विचारले. ती जे म्हणाली किंवा जी खूण तिने केली, ती तशीच, आपला अर्थ न लावता, तारीख व वेळ घालून लिहून ठेवावी. तिने ‘काका’ म्हटले असेल तर ‘काका’च लिहावे; कोणता काका, हे शोधणे तपास अधिकाऱ्याचे काम आहे. तिला वारंवार विचारून भंडावू नये. कपडे धुवू देऊ नयेत, तिला एकटे सोडू नये, तिची कुबडी, चष्मा, श्रवणयंत्र तिच्याजवळच असू द्यावे. रात्रीची वेळ असेल तर ११२ किंवा महिला मदतवाहिनी १८१ यांवर कळवावे आणि सकाळी कचेरी उघडताच कलम ७ चा अर्ज तहसीलदारांकडे देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. साधा कागद पुरेसा आहे. वर तिचे गाव, आपले नाव व आपण पाहिले किंवा ऐकले ते चार ओळींत, आणि तिच्याशी बोलण्यासाठी कोणत्या प्रकारच्या दुभाषाची गरज लागेल, एवढे त्यात असावे.